'इंटिग्रिटी' : एका शब्दाचा अर्थ आणि आपला व्यवहार

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिवा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला सांगितलं की पंधरा-वीस मिनिटं बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा. आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणीत काम केलं, पाळी सुटल्यावर जे हाताला लागलं ते वाचलं, एवढीच आमची शिदोरी. म्हणून मोठ्या विषयाला हात न घालता आज एकाच शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द इंग्रजी आहे, पण त्याचा संबंध आपल्या रोजच्या जगण्याशी आहे. शब्द आहे 'इंटिग्रिटी'.

हा शब्द आमच्यापर्यंत आला तो अभ्यासिकेतल्या मुलींमुळे. दरवर्षी ऑक्टोबर सरता सरता रेल्वेत आणि बँकांत दक्षता सप्ताहाचे फलक लागतात. त्यावर इंग्रजीत 'इंटिग्रिटी' आणि हिंदीत 'सत्यनिष्ठा' असं लिहिलेलं असतं. मुलींनी शब्दकोश काढला, त्यात मिळालं 'प्रामाणिकपणा'. मग त्यांनी भिंतीवरची संविधानाची उद्देशिका पाहिली. इंग्रजी उद्देशिकेत तोच शब्द, आणि मराठीत त्याच्या जागी 'एकात्मता'. आता आली का पंचाईत? प्रामाणिकपणा कुठे आणि राष्ट्राची एकात्मता कुठे! छपाईची चूक आहे की काय, असं पोरींना वाटलं. चूक नाही. शब्द एकच आहे आणि दोन्ही अर्थ खरे आहेत. ते कसे, हे आज बघायचं आहे.

आधी आपल्या घरातले शब्द बघू. मराठीत आपण तीन शब्द वापरतो : प्रामाणिकपणा, इमान आणि सचोटी. प्रामाणिक हा शब्द प्रमाणावरून आला. प्रमाण म्हणजे माप, पुरावा. मापाला उतरला तो प्रामाणिक. ठीक आहे, पण माप कुणाचं? ज्याच्या हातात तराजू, त्याचं. हजारो वर्षं तराजू कुणाच्या हातात होता, हे या सभेत वेगळं सांगायला नको.

दुसरा शब्द इमान. हा अरबीतून आला, मुळात अर्थ श्रद्धा, विश्वास. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला धन्याशी निष्ठा. आमच्या आजा-पणजाला गाव 'इमानी' म्हणत होतं. महारकीच्या कामात एक काम होतं गावच्या वसुलीची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात नेऊन पोचवायची. उन्हातान्हात, रानावनातून, पायी. पोचवलेली रक्कम तिथं पुरी भरायची. पण तोच माणूस गावात परतला की त्याला पाणवठ्यावर जागा नाही, चावडीच्या पायरीवर जागा नाही. सरकारी रक्कम त्याच्या हाताने विटाळत नव्हती, पाणी मात्र विटाळत होतं. बघा म्हणजे, इमान त्याच्याकडून घेतलं, पण त्या इमानाच्या बदल्यात माणूसपण दिलं नाही.

बाबासाहेबांनी हे बरोबर ओळखलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बिल आणलं. वतनाच्या तुकड्यापायी आपली माणसं रात्रंदिवस राबवली जातात आणि त्यामुळे त्यांचा स्वाभिमान मरतो, हे ते कळवळून सांगत. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगारांची वतनं बंद झाली. वतन गेलं. पण 'इमानी' म्हणवून घेण्याची सवय गेली का, हा प्रश्न आहे. साहेबाने, शेठजीने पाठीवर थाप मारून 'तुमची माणसं फार इमानदार' म्हटलं की आजही आपल्याला बरं वाटतं. बरं वाटू द्या. पण ध्यानात ठेवा, ते सर्टिफिकेट वरच्याने खालच्याला दिलेलं आहे.

इंग्रजीत बघा कसा फरक आहे. तिथं प्रामाणिकपणाला साधा शब्द आहे 'ऑनेस्टी'. तो आला लॅटिनमधल्या मान, प्रतिष्ठा या अर्थाच्या शब्दातून. 'ऑनर' म्हणतात ना, त्याच घरातला. म्हणजे लोकांत ज्याला मान आहे तो ऑनेस्ट, असा त्याचा मूळ रोख. मान देणारे पुन्हा दुसरेच.

आणि 'इंटिग्रिटी'? तो आला 'इंटेगर' या लॅटिन शब्दातून. आठवी-नववीच्या मुलांनो, गणितात 'इंटिजर' शिकलात ना? मराठीत पूर्णांक. ज्याचा तुकडा नाही, अपूर्णांक नाही, जो पूर्ण आहे, तो इंटिजर. माणूस असा पूर्णांक असणं म्हणजे इंटिग्रिटी. आत एक आणि बाहेर एक नाही, पगारदार एक आणि घरधनी एक नाही, सभेतला एक आणि स्वयंपाकघरातला एक नाही. सगळा मिळून एकच माणूस.

आणखी एक पायरी खाली उतरू या, कारण खरी गोष्ट तिथं आहे. हा 'इंटेगर' शब्द दोन तुकड्यांचा आहे. 'इन' म्हणजे नाही, आणि पुढचा भाग 'टांगेरे' म्हणजे स्पर्श करणे या क्रियापदाच्या धातूपासूनचा. दहावीला भूमितीत 'टॅन्जंट' असतो, त्याला मराठीत स्पर्शरेषा म्हणतात. तोच हा धातू. म्हणजे 'इंटेगर'चा मूळ अर्थ काय? ज्याला स्पर्श झाला नाही तो. ज्याला कुणी धक्का लावला नाही, कुरतडलं नाही, म्हणून जो अख्खा राहिला. मालाच्या ट्रकचं सील 'इंटॅक्ट' आहे म्हणतात, तेही याच कुळातलं.

बंधू-भगिनींनो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. त्यांच्या भाषेत 'न शिवलेला' म्हणजे अख्खा, सच्चा, पूर्ण माणूस. आणि आमच्या देशात 'न शिवायचा' म्हणजे कोण? शब्द जवळपास तोच, अर्थ नेमका उलटा. तिथं स्पर्श न झाल्यामुळे वस्तू पूर्ण राहिली. इथं स्पर्श नाकारून माणूस मोडला. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी मांडलं की आपले पूर्वज म्हणजे पराभूत टोळ्यांतून फुटून विखुरलेली माणसं, इंग्रजीत त्यांनी शब्द वापरला 'ब्रोकन मेन', म्हणजे मोडलेली माणसं. आणि ही माणसं बौद्ध होती, असं त्यांचं प्रतिपादन. मोडलेल्या माणसाला इंटिग्रिटी म्हणजे चैनीचा शब्द नाही. त्याच्यासाठी ती पुन्हा सांधून उभं राहण्याची गोष्ट आहे.

गिरणीतलं एक उदाहरण देतो, म्हणजे हे स्पष्ट होईल. जुन्या मागावर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून बाहेर काढावं लागे. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागायची. एवढ्याच कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे विणकामात घेत नव्हते. का, तर विटाळ होतो! पगार जास्त साचेखात्यात, म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत अडकलेली. हे फक्त मालकाने केलेलं नव्हतं. बरोबरच्या कामगारांनीच हा विटाळ धरला होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला. कामगारांच्या एकीची भाषा करता, मग साचेखात्यात आमच्या माणसाला बंदी का? एक मागणी मालकापुढे आणि दुसरी वागणूक आपल्याच भावाशी, हे कसं चालेल? पुढाऱ्यांना ती गोष्ट मागण्यांत घ्यावी लागली, पण नाखुशीनेच.

आता बघा, ते कामगार चोर होते का? मुळीच नाही. कुणी सुताची कांडी घरी नेली नसेल, कुणी खोटी हजेरी लावली नसेल. ऑनेस्टीच्या मापाला ते उतरले असते. पण इंटिग्रिटीच्या मापाला? लाल बावट्याखाली 'सारे कामगार एक' आणि धोट्यापाशी विटाळ. माणसाचे दोन तुकडे झाले. म्हणून आम्ही म्हणतो, चोरी न करणं हा इंटिग्रिटीचा फक्त पहिला धडा आहे. गिरणीच्या गेटवर पाळी सुटताना कामगाराची झडती घेत. झडतीत खिसा कळतो, माणूस कळत नाही.

मग पूर्णांक माणूस कसा असतो? आपल्याला लांब जायला नको. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण छापून तयार झालं. मंडळींनी ते वाचलं आणि घाबरली. वेदांवरची टीका काढा म्हणाले, हिंदू म्हणून हे माझं शेवटचं भाषण असं जे लिहिलंय तेही नको म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केलं. दीड हजार प्रती होत्या, दोन महिन्यांत संपल्या. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट', आज जगभर वाचलं जातं. अध्यक्षपदाचा मान, म्हणजे 'ऑनर', समोर ठेवलेला होता. तो त्यांनी सोडला आणि आपलं म्हणणं अख्खं ठेवलं.

१९५१ साली तेच. स्वतंत्र भारताचे कायदामंत्री. स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल अडवून ठेवलं गेलं, तेव्हा २७ सप्टेंबरला राजीनामा दिला. राजीनाम्याची आणखीही कारणं होती, पण हे त्यातलं मोठं कारण. खुर्ची राखून नुसता निषेध नोंदवता आला असता. पण मग विचार एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे झाली असती.

आणि सर्वांत मोठं उदाहरण तर आपण सगळेच आहोत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात शब्द दिला की हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात तो पाळला. मध्ये एकवीस वर्षं गेली. अभ्यास केला, सगळे धर्म तपासले, आमिषं आली, धमक्या आल्या. शरीर थकलं, पण शब्द तुटला नाही. पुढे दोन महिनेही ते जगले नाहीत. पण शब्द आधी पुरा झाला होता.

असं वागणाऱ्यासाठी धम्मात एक पाली जोडशब्द आहे : यथावादी तथाकारी. जसं बोलतो तसं करतो तो. तथागतांसाठी तो वापरलेला आहे. आम्हाला कुणी विचारलं की इंटिग्रिटीला आपल्या परंपरेतला शब्द कोणता, तर आम्ही 'इमान' सांगणार नाही, 'यथावादी तथाकारी' हाच सांगू. त्यात धनी नाही, तराजूवाला नाही. बोलणारा तोच, करणारा तोच आणि तपासणाराही तोच. आपण संघवंदनेत संघाचे गुण म्हणतो, त्यातही एक गुण येतो 'उजु', म्हणजे सरळ. वाकडं नाही ते.

हे तपासायचं कसं, तेही भगवंतांनी शिकवलं, आणि शिकवलं कुणाला, तर राहुलला. मुलांनो, तुमच्यासाठी सांगतो. राहुल लहान वयातच संघात आला. भगवान त्याला भेटायला गेले. राहुलने पाय धुवायला पाणी दिलं. भगवंतांनी भांड्यात थोडंसं पाणी ठेवलं आणि दाखवलं की जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते पाणी फेकून दिलं, मग भांडं पालथं केलं, मग रिकामं भांडं दाखवलं. शेवटी विचारलं, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, बघण्यासाठी. भगवान म्हणाले, तसंच प्रत्येक कर्म बघून करावं. करण्याआधी बघावं, करताना बघावं, केल्यावरही बघावं. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख तर होत नाही ना? काया, वाचा, मन, तिन्हींना हाच आरसा.

ही शिकवण किती मोलाची, तर सम्राट अशोकाने राजस्थानात बैराटच्या शिलालेखात काही धम्मग्रंथांची नावं कोरली, भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही ती ऐकावीत म्हणून. त्यात राहुलला खोटं बोलण्याविषयी केलेला हा उपदेश आहे. एवढा मोठा राजा, आणि सगळ्यांना सांगतो की लहान मुलाला दिलेला धडा ऐका!

आता उद्देशिकेकडे येऊ, कारण पोरींचा प्रश्न तिथंच अडला होता. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या उद्देशिकेत हा शब्द नव्हता. व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता, एवढंच होतं. १९६३ साली १६ व्या घटनादुरुस्तीने तो मंत्री आणि खासदार-आमदारांच्या शपथेत आला आणि १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेत आला. तिथं अर्थ असा की देशाचे तुकडे होऊ नयेत. बरोबरच आहे. पण तुकडे काय फक्त सरहद्दीवर पडतात? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतो आहोत. राजकारणात समता, आणि समाजात, अर्थकारणात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमता भोगणारे लोक लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. हजारो जातींत फुटलेले लोक राष्ट्र कसे होतील, असंही त्यांनी विचारलं. ही झाली देशाची इंटिग्रिटी. संविधान बोलतं एक आणि गावकुसाजवळ घडतं दुसरं, तोपर्यंत देश पूर्णांक नाही. म्हणून पोरींनो, शब्दकोशही बरोबर आणि उद्देशिकाही बरोबर. माणूस अख्खा तर प्रामाणिक, देश अख्खा तर एकात्म.

आता या शब्दाचा वापर कसा होतो ते थोडं बघू. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालात इंटिग्रिटीबद्दल शेरा लिहितात. मराठीत त्याला 'सचोटी' म्हणतात. चांगली गोष्ट आहे, भ्रष्टाचार कुणाचाही असो, पकडला पाहिजे, आपल्या माणसाचाही. पण आपली शिकलेली मुलं नोकरीत गेल्यावर आम्हाला येऊन सांगतात की हा रकाना कधीकधी हत्यार होतो. साहेबाचं ऐकलं नाही, चुकीच्या कागदावर सही केली नाही, की नेमका तिथंच शेरा. अशा पोरांना आमचं सांगणं एवढंच, शेऱ्याविरुद्ध कायद्याने लढा, मुदतीत अर्ज द्या, कागद जपून ठेवा. पण साहेबाच्या शेऱ्याने तुमची इंटिग्रिटी ठरत नाही. ती तुमच्याच सहीत आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट बोलतो. आपल्यातली काही माणसं आडनाव सांगताना अडखळतात. भाड्याची खोली बघायला गेलं की दारावरच आधी विचारतात, 'तुमचं आडनाव काय? गाव कुठलं?' मग कुणी बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावतो, कुणी कंपनीत जयंतीची रजा 'घरगुती काम' म्हणून टाकतो. यावर कुणी वरच्या पट्टीत म्हणेल, हे अप्रामाणिक! आम्ही असं म्हणणार नाही. पावसापाण्यात लेकराबाळांना छप्पर पाहिजे, त्यासाठी गप्प बसणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पहिला दोष दारावर जात विचारणाऱ्याचा. पण एवढं खरं की अशा लपवालपवीत माणूस आतून फुटतो. बाहेरचं मूल वेगळं आणि घरातलं मूल वेगळं, असं लेकरू वाढतं. त्याला एकट्याने धाडस करायला सांगणं बरोबर नाही. दहा घरं पाठीशी उभी राहिली तर एक माणूस दारात ताठ उभा राहतो. लालबाग-परळच्या चाळी सुटल्या, कोकणातली गावं सुटली, आणि आपण दिव्यात येऊन विहार कशाला बांधला? याच्यासाठीच. इथं कुणाला अर्धं राहावं लागू नये म्हणून.

म्हणून वर्धापन दिनी तीन गोष्टी आम्ही समितीपुढे आणि तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली, हिशेब. विहारात येणारी वर्गणी म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या मायमाऊलीच्या घामाचे पैसे. दर महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहून लावावा, कुणी मागितला नाही तरी. हिशेब विचारणाऱ्याला शत्रू समजू नये. आणि विचारणाऱ्यानेही आधी आपली वर्गणी भरलेली असावी!

दुसरी, घर. १४ एप्रिलला निळा झेंडा आणि पोरीच्या लग्नात हुंड्याची यादी, हे जमणार नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि नवस-उपास चालू, हेही जमणार नाही. कुणाच्या घरात डोकावून बोट दाखवायचं नाही. ज्याने त्याने राहुलचा आरसा आपल्या घरात लावावा.

तिसरी, शब्द. दिलेली वेळ, कबूल केलेलं काम, घेतलेले उसने पैसे. छोट्या गोष्टी आहेत. पण पंचशीलातलं चौथं शील आपण दर वंदनेला म्हणतो, ते याच छोट्या गोष्टींत रोज मोडतं किंवा रोज टिकतं.

आमच्या आजाने दुसऱ्याची रक्कम रानातून नेऊन इमानाने पोचवली, त्याला कुणी पूर्ण माणूस म्हटलं नाही. आपल्याला आज कुणाच्या म्हणण्याची वाट बघायची गरज नाही. बाबासाहेबांनी आपल्याला अखंड करून धम्माच्या हवाली केलं आहे. तसं अखंड राहायचं, हे आपल्या हातात आहे.

 

नमो बुद्धाय. जय भीम. जय संविधान.